बबनच्या वाट्याचे पोहे

“माताजी, खाने का कुछ अंदर नहीं जाएगा,” दारावरचा जवान तिसऱ्यांदा म्हणाला आणि त्यानं माझ्याकडे बघितलं. भागूमावशींनी कापडी पिशवी पोटाशी आणखी घट्ट धरली आणि त्यांनीही माझ्याकडेच बघितलं.

असं दोन्हीकडून बघून घ्यायचं, हीच माझी नोकरी. मी टूर मॅनेजर. ऑफिस लोणावळ्यात आणि प्रवासी बहुतेक तळेगावचे पेन्शनर. लोकांना वाटतं, आम्ही फुकट फिरतो. खरं काम म्हणजे डोकी मोजणं, खोल्यांच्या चाव्या वाटणं आणि कोणाचा चहा बिनसाखरेचा हे लक्षात ठेवणं. दिवाळीनंतरची दिल्ली टूर होती आणि त्या दुपारी आम्ही राष्ट्रीय युद्ध स्मारकाच्या दारात उभे होतो.

भागूमावशी आंदर मावळातल्या. एका वाडीवर भातशेती करतात. एवढा लांबचा प्रवास पहिलाच. तळेगावात शिक्षिका असलेल्या नातीनं त्यांना बसवून दिलं होतं आणि मला बजावलं होतं, “बाकी काही नाही दाखवलं तरी चालेल. आज्जीला भावाचं नाव दाखवा.” भाऊ म्हणजे बबन. एकाहत्तरच्या लढाईत गेला. घरी त्याची कपड्यांची ट्रंक आली, तो काही आला नाही.

पिशवीत घरच्या नव्या भाताचे कांडलेले पोहे होते आणि गुळाचा खडा. दोन दिवसांच्या रेल्वे प्रवासात मावशींनी ती उशाला घेतली होती. मला वाटलं, भिंतीपाशी नैवेद्य ठेवायचा असणार. मग काय, मी कामाला लागलो. जवानाला विनवलं. त्याच्या वरच्या साहेबांना भेटलो. म्हटलं, चिमूटभरच ठेवतील, लगेच उचलून घेऊ. साहेब फार सौजन्यानं बोलले, पण नाही ते नाहीच. नियम सगळ्यांना सारखा, आणि तो बरोबरही होता.

“मावशी, पिशवी गाडीत ठेवू या.”

“गाडीत कशापाई? त्याचा वाटा हाय त्यो.” असं म्हणून त्यांनी पिशवी सरळ त्या जवानाच्या टेबलावर ठेवली. “ह्याच्याकडं ऱ्हाऊ दे. ह्यो काय चोर न्हाई.”

मी भाषांतर केलं, शेवटचं वाक्य गाळून. जवान हसला. गढवालकडचा होता, मिशी नुकती फुटू लागलेली.

आत गोलाकार भिंती आहेत आणि त्यांच्यावर नावं कोरलेली. एका पडद्यावर नाव आणि सैनिक क्रमांक टाकला की भिंत कळते. क्रमांक नातीनं दिलेला होता, त्यामुळे शोधाशोध झाली नाही. भिंत आली तशी आमच्या सगळ्या मंडळींनी चपला काढल्या. तिथं काढाव्या लागत नाहीत. मी सांगितलंही. कुणी ऐकलं नाही. थंडगार दगडावर निवृत्त हेडमास्तर कुलकर्णी सर मोज्यांवर उभे होते.

मावशींचा हात नावापर्यंत पुरला. वाचता येत नव्हतं, म्हणून मी त्यांचं बोट अक्षरांवरून फिरवलं. त्या म्हणाल्या, “बबन, आले रे मी.” मग पदरानं नाव पुसलं. स्वच्छच होतं ते. खालच्या खाचरात यंदा भात बरं आलं, धाकट्या पोरीला मुलगा झाला, असं हळू आवाजात सांगत राहिल्या. टूर मॅनेजरनं रडायचं नसतं, मोजणी चुकते. माझी चुकली. कुलकर्णी सरांनी परत मोजून दिली.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, “मावशी, पोहे तेवढे ठेवायचे राहिले. मला फार वाईट वाटतंय.”

“भिताडाला कशाला ठिवू? दगूड खातो व्हय?”

मघापासून घातलेली हुज्जत माझी मीच घातली होती.

“सुट्टीवर आला की पोह्यांचा पयला घास त्याचा असायचा,” मावशी सांगू लागल्या. “त्यो गेल्यापास्नं नवं भात आलं की पयले पोहे त्याचे. घरच्यानी खायचे न्हाईत. दारी येईल त्याला द्यायचे. कंडक्टरला दिले, वायरमनला दिले. औंदा म्हणलं, त्याच्याच दारी चाललेय, तर त्याच्यातल्याच कुणाला तरी देऊ.” आणि जवानाकडं वळून म्हणाल्या, “खा बाबा.”

जवानाला सांगितलं. तो एकदम ताठ झाला. ड्युटीवर काही खाता येत नाही. सुटायला अजून वेळ होता.

“मग थांबते की,” मावशी म्हणाल्या आणि कडेला बसल्या.

आता अडचण माझी. पुढं करोल बागेची खरेदी होती आणि रात्रीची गाडी. आमच्या धंद्यात ‘बफर’ म्हणतात, म्हणजे दोन ठिकाणांच्या मधे राखून ठेवलेला मोकळा वेळ. आमचा सकाळच्या ट्रॅफिकमध्येच संपला होता. तेवढ्यात ऑफिसातून आमच्या साहेबांचा फोन आला.

“निघालात का?”

“नाही. एक जण जेवायचे राहिलेत.”

“कोण?”

“आपल्यातले नाहीत.”

“अरे, खरेदी कापलीस तर बायका फाडून खातील तुला.”

“मला खातील, साहेब. तुम्ही लोणावळ्यात आहात.”

बायकांनी फाडून खाल्लं नाही. दोघीतिघी कुरकुरल्या, एक गाडीत जाऊन बसली. बाकीच्या मावशींच्या शेजारी टेकल्या. थांबून थांबून मला भूक लागली. मी पिशवीकडं हात नेला, तशी मावशींनी फटका दिला. “तू घरचा. तू न्हाई खायचं.”

जवान सुटला. बाटलीच्या पाण्यानं हात धुऊन मावशींच्या पुढ्यात मांडी घालून बसला. मूठभर पोहे आणि वर गूळ, असं खाऊ लागला. मावशी एकटक बघत होत्या. त्यानं पिशवी पुढं केली, “आप लोग भी लीजिए.” सगळ्यांनी माना हलवल्या. त्यानं पिशवी झाडून शेवटचा कण खाल्ला. मावशींनी त्याच्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर कडाकडा बोटं मोडली आणि म्हणाल्या, “चला. आता झालं.”

करोल बाग हुकली. टूरबद्दल दोन तक्रारी आल्या आणि साहेबांनी मला त्या मोठ्यानं वाचून दाखवल्या. तेव्हापासून दिल्लीचा कार्यक्रम आखताना स्मारकानंतर मी ऐसपैस बफर ठेवतो. मावशींना आता प्रवास झेपत नाही. दिवाळीनंतर वाडीवरून जीपनं कापडी पिशवी आमच्या ऑफिसात येते आणि मी ती दिल्लीला नेतो. दारावर जो कुणी असेल, त्याची ड्युटी सुटेपर्यंत थांबतो.

सगळे म्हणतात, फार गोड असतात. असतील. मी अजून चाखले नाहीत. मी घरचा.