एजंटला सांगावं तरी किती!

कामाची फाइल आमच्या ऑफिसात वेळेवर कधी सापडत नाही, किस्से मात्र हात घातला की हजर! चहा आला की एक निघतो, आणि त्याला धरून दुसरा.

आम्ही तिघं. नंदिनी मॅडम, कडावचा महेश आणि मी. ऑफिस भिसेगावात, पिठाच्या गिरणीच्या वर. एआय एजंट स्वतःच ब्राउझर चालवतो, वेबसाइटवर बटणं दाबतो, बुकिंग करतो. त्याच्या हाताशी जी टूल्स असतात, त्यातलं कुठलं कशासाठी आणि कधी वापरायचं, हे त्याला नीट लिहून देणं हे आमचं काम. कळंबच्या बाळाशेठनी त्यांच्या रिसॉर्टच्या बुकिंगसाठी आम्हाला ट्रायल दिली होती. ती फसली तर महेशची नोकरी जाणार आणि तो पुन्हा वडलांबरोबर घरोघर दूध घालायला जाणार. वडील तर वाटच बघत होते.

*

महेशने लिहिलेलं पहिलं वर्णन: "हे टूल बटण दाबतं." बस्स!

एजंटने दिसतील ती सगळी दाबली. आधी 'बुक करा', मग 'रद्द करा', मग 'मालकांशी बोला'. तिकडे बाळाशेठ भरल्या ताटावरून फोन घ्यायला उठले, तर पलीकडे कुणीच नाही!

मॅडमनी डोक्याला हात लावला. "अरे, कुठलं बटण, कधी दाबायचं, काही लिहिशील की नाही?"

"मॅडम, त्याला दिसतंय ना समोर!"

"तुझ्या मनातलं नाही दिसत, महेश."

*

मग 'थांबा' नावाचं टूल. महेशने लिहिलं, "पेज पूर्ण उघडेपर्यंत थांबावं." नाहीच उघडलं तर काय, ते राहिलं. नेमकी त्या दिवशी रिसॉर्टची साइट बंद पडली. आमचा चहा झाला, जेवण झालं, खालची गिरणीसुद्धा बंद झाली. एजंट आपला थांबलेला!

शेठचा फोन आला. "काय रं, झोपला काय तुमचा एजंट?"

"नाय शेठ, लई आज्ञाधारक हाय!" महेश म्हणाला.

शेठ हसले नाहीत.

*

महेशने मनावर घेतलं. घरीसुद्धा सराव सुरू! "बाबा, म्हशीला पाणी दाखवा. कधी दाखवायचं? धार काढायच्या आधी. कशातून? घमेल्यातून. कुठली म्हैस? डावीकडची."

वडील भडकले. "म्हस माझी, घमेलं माझं, आन तू मला शिकवतोस?"

आई आतून म्हणाली, "बोलू द्या वो त्याला. लगीन झाल्यावर कोण ऐकणार हाय त्याचं!"

*

त्यानंतर पठ्ठ्या दुसऱ्या टोकाला गेला. प्रत्येक टूलखाली लिहिलं: हे करू नये, ते करू नये, खात्री नसेल तर मुळीच करू नये. एजंट इतका घाबरला की साधी तारीख निवडायलाही तयार होईना. "क्षमस्व, हे माझ्या अधिकारात बसत नाही," एवढंच उत्तर.

मॅडम म्हणाल्या, "एजंट नाही, सरकारी खिडकी उघडलीस तू!"

*

ट्रायलच्या शेवटच्या दिवशी बाळाशेठ स्वतः आले. बरोबर त्यांचे साडू वसंतराव. महेशने सगळी वर्णनं पुन्हा लिहिली होती.

वसंतराव म्हणाले, "आमाला काय उपयोग याचा? आमी फोन केला की यांचं रिसॉर्ट कायम फुल्ल!"

"सीझन असतोय ना वसंतराव," शेठ घाईघाईने म्हणाले.

"मग आज यालाच इचारू. बघ रं, येत्या शनवारी खोली हाय का?"

महेशने टाइप केलं. एजंटने साइट उघडली, तारीख निवडली, पेज उघडेपर्यंत बेताने थांबला. कुठेही अडखळला नाही. मोठ्या स्क्रीनवर उत्तर आलं: "शनिवारी जवळजवळ सगळ्या खोल्या रिकाम्या आहेत. तळ्याकाठची देऊ का?"

शेठ पंख्याकडे बघत राहिले.

"दे की!" वसंतराव म्हणाले. एजंटने लगेच बुकिंग करून टाकलं. वसंतराव फोन कानाला लावून गॅलरीत गेले. "अगं, बॅगा भर! पोरांना पण घे, तुज्या भावाला पण सांग!"

महेशने मान खाली घातली. शेठ उठले, गॅलरीचं दार हळूच लोटलं आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"काम चोख हाय रं तुमचं. सोमवारपासनं चालू करा. फकस्त त्या येड्याला साडू म्हंजे काय, ते आधी नीट लिवून द्या!"