दर्भाचा कावळा

सकाळी गॅलरीच्या कठड्यावर ठेवलेला पोळीचा तुकडा कावळ्याने क्षणात उचलला. मी त्याच्याकडे जरा रागानेच पाहिलं. गेल्या आठवड्यात वश्याच्या दहाव्याला याच्याच भाऊबंदांनी आम्हाला नदीवर उन्हात ताटकळत ठेवलं होतं.

वश्या म्हणजे आमच्या वर्गातला नकलाकार. सरांची नक्कल करायचा, पट्टी खायचा आणि जागेवर परत येताना त्या मार खाण्याचीही नक्कल करायचा. म्हातारे झालो तरी फोनवर आमचं पहिलं वाक्य ठरलेलं, "बोल, नवीन काय?" की तो सुरू.

पिंडाला कावळा शिवेना. गेलेल्याची इच्छा राहिली असेल तर ती ओळखून, पुरी करू असा शब्द द्यायचा, ही रीत. मुलाने आईला सांभाळीन म्हणून सांगितलं. धाकटा भाऊही हात जोडून काही पुटपुटला. कावळे झाडावरून हलले नाहीत. मग वहिनी आमच्याकडे वळल्या. "भावजी, तुम्ही शाळेपासूनचे. यांचं काय राहिलं असेल?"

त्याचे सगळे किस्से आम्हा चौघा मित्रांना पाठ होते. इच्छा एकही माहीत नव्हती. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला.

दिवाळीत भेटलो तेव्हा वश्या म्हणाला होता, "हल्ली एकट्याला घरात बसवत नाही रे. भीती वाटते."

पुढे विनोद येणार म्हणून आम्ही आधीच हसायला लागलो होतो. मग तोही हसला.