आमेन म्हणण्याआधी

“तिला काय विचारायचं त्यात? ती नाही म्हणतच नाही.”

काकू स्वयंपाकघरात हे म्हणाल्या तेव्हा मी बाहेर पॅसेजमध्ये सँडलचा पट्टा सोडत होते. हातात मुलांच्या वर्गासाठी आणलेले चार्टपेपर होते, गुंडाळीची कड घामाने ओली झाली होती. दार मी माझ्या किल्लीनेच उघडलं होतं, त्यामुळे मी आल्याचं आत कुणाला कळलं नव्हतं.

“तसं नाही हो,” पाळकसाहेबांचा आवाज आला. “पण आणखी एक वर्ष म्हणजे… आधी प्रार्थनेत ठेवू या.”

“ठेवा की. आज संध्याकाळी सगळे येणारच आहेत.”

मग कपात चहा ओतल्याचा आवाज. मी सँडल पुन्हा घातली, दार बाहेरून हळूच ओढून घेतलं आणि बेल वाजवली.

आखातात, मनखूल भागातल्या त्या फ्लॅटमध्ये मी काका-काकूंकडे राहत होते. ते माझे नात्याने कुणी नव्हेत. नगरच्या आमच्या चर्चने मला वर्षभरासाठी इथल्या मराठी ख्रिस्ती मंडळीत सेवेला पाठवलं, आणि काकांचा डबे पुरवण्याचा धंदा होता, घरात मुलीची खोली रिकामी होती, म्हणून माझी सोय इथे झाली. त्यांची मुलगी लग्न होऊन कॅनडात गेलेली. तिच्या कपाटावर अजून तिची शाळेतली स्टिकर्स होती. वर्ष आता संपत आलं होतं.

आईने शेजाऱ्यांना ‘मिशनरी’ असा शब्द सांगितला होता. शेजाऱ्यांच्या डोळ्यांपुढे एखादं बेट, होडी, नारळाची झाडं असं काहीतरी आलं असावं. माझी सेवा प्रत्यक्षात लिफ्टमध्ये, गाडीत आणि लोकांच्या सोफ्यांवर चालायची. या देशात बाहेर कुणाला धर्म सांगायला जायचं नसतं, तसा नियमच आहे, आणि मला त्याचं खरं तर बरं वाटलं होतं. अनोळखी माणसाशी बोलणं मला नगरमध्येही जमत नाही. इथे आपल्याच माणसांकडे जायचं होतं. कुणाचं ऑपरेशन झालेलं, कुणाची नोकरी गेलेली, कुणाचा नवरा बोलत नाही. त्यांचं ऐकायचं, एक वचन वाचायचं, प्रार्थना करायची आणि जेवायचं. जेवायचं मात्र चुकत नसे. एका संध्याकाळी तीन घरं झाली तर तीन वेळा चिकन. ताटावर हात आडवा धरला की यजमानीणबाई हसून म्हणायच्या, “देवाचं काम करणारीने डाएट करायचं नसतं, ताई.” माझ्या आईच्या वयाच्या बायका मला ताई म्हणायच्या. सुरुवातीला मला त्याचं अवघडल्यासारखं व्हायचं. पुढे पुढे अवघडायलाही त्राण उरलं नाही.

हा थकवा पायांचा नव्हता. लोक सांगायचे ते सगळं माझ्यात साठून राहायचं. एकीचा गुडघा मी दुसरीच्या नावावर प्रार्थनेत घालू लागले होते. रात्री स्वतःसाठी प्रार्थनेला बसलं की तोंडात दुसऱ्यांचीच दुखणी यायची, आणि ती संपेपर्यंत झोप लागलेली असायची. मी शाळा इंग्रजीतून केलेली. प्रार्थनेची मराठी मी इतरांचं ऐकून उचलली होती, लग्नाला मैत्रिणीची साडी नेसावी तशी. ती सांभाळतानाच निम्मी शक्ती जायची.

त्या गुरुवारी संध्याकाळी हॉलमध्ये सतरंजी पसरली, खिडक्या लावून घेतल्या, कारण शेजारी गाण्याचा त्रास नको. गाणी झाली, वाचन झालं. शेवटी पाळकसाहेबांनी डोळे मिटले. ते आठवडाभर एका कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत टेंडरचे हिशेब करतात आणि उरलेल्या वेळात मंडळी सांभाळतात. त्यांची प्रार्थना लांब असते, पण तिच्यात कुणी सुटत नाही. काकांचा मधुमेह झाला, नवीन जोडप्याचं घर झालं. मग ते म्हणाले, “आणि पित्या, आमच्या ताईच्या मनात आणखी एक वर्ष इथे सेवा करण्याची जी इच्छा तू घातली आहेस, तिच्याबद्दल तुझे उपकार मानतो.”

“आमेन,” सगळे म्हणाले.

मीही म्हणाले. त्यांच्या वाक्याच्या शेवटी आवाज खाली उतरला की माझ्या तोंडून आमेन निघतं, शिंक आल्यावर सॉरी निघतं तसं.

आमच्यात हात वर करून मतं घेत नाहीत. एखादी गोष्ट प्रार्थनेत बोलली जाते, सगळे आमेन म्हणतात, आणि ती ठरते. गेल्या नाताळाच्या जेवणात बिर्याणी की पुलाव, हेसुद्धा असंच ठरलं होतं. एकदा आमेन झालं की नंतर ‘पण’ म्हणणारा माणूस पाळकसाहेबांशी भांडत नाही, तर देवाशी हुज्जत घालतो, असा चेहरा लोक करतात. पुलाव हवा असलेल्या बाई नाताळभर गप्प होत्या.

“खलास, ठरलं,” काका उठत म्हणाले. “व्हिसाचं मी बघतो.”

काकूंनी मला जवळ घेतलं. त्यांच्या ड्रेसला फोडणीचा वास येत होता. “मला माहीत होतं,” त्या कानाशी म्हणाल्या, “तू गेलीस तर या घरात टीव्हीच बोलतो गं दिवसभर.” त्यांच्या खांद्यावरून मला सतरंजी गोळा करणारे लोक दिसत होते. काही म्हणायचं तर आत्ताच, असं वाटलं. मी सतरंजीचं एक टोक धरायला गेले.

शुक्रवारी पाळकसाहेबांबरोबर शारजाला जायचं होतं. तिथल्या इंडस्ट्रियल एरियात गॅरेजांच्या मागे आमच्याकडच्या काही जणांची खोली आहे, जालन्याकडचे, नगरकडचे. गाडीत सांगायचं असं मी रात्रीच ठरवलं होतं. ट्रॅफिक असणार, दोघंच असणार, कुणी ऐकणार नाही.

ट्रॅफिक होतंच. ब्रेकचे लाल दिवे लांबपर्यंत दिसत होते. पाळकसाहेब पुढच्या वर्षाबद्दल बोलत होते. तरुणांचा गट, बायकांची सभा, जबल अली भागातली नवीन घरं. मी दोनदा घसा खाकरला.

“बोला ना, ताई,” ते म्हणाले.

“एसी जरा कमी कराल का?”

“अरेच्चा, आधी सांगायचं!” त्यांनी लगेच बटण फिरवलं. “तुम्ही काही सांगतच नाही बघा. माझी मिसेस असती तर आत्तापर्यंत गाडीतून उतरली असती.”

खोलीत बंकबेडच्या कडांवर आम्ही बसलो. तिथले एक वयस्क सुतार मला पाहून हसले. “ताई राहणार म्हणे अजून वर्षभर! बरं झालं. मी राहतो म्हटलं की आमचा फोरमन हसतो, जातो म्हटलं तरी हसतो.”

“मग तुम्ही काय म्हणता?” कुणीतरी विचारलं.

“मी इन्शाल्ला म्हणतो. त्याला काय कळायचं ते कळू दे.”

सगळे हसले. मीही हसले. बातमी माझ्याआधी शारजाला पोचली होती.

आईचा फोन परतताना आला. पाळकसाहेबांनी तिला सकाळीच कळवलं होतं. “तू खूश आहेस ना?” तिने विचारलं. शेजारी पाळकसाहेब गाडी चालवत होते. “हो,” मी म्हणाले. “मग आवाज असा का?” “एसी होता.”  ती म्हणाली, “तुझी खोली झाडून ठेवली होती. असू दे. तू आमेन म्हणालीस म्हणे.”

शनिवारी डिस्कव्हरी गार्डन्स वसाहतीतल्या एका घरी मुलांचा वर्ग. चार्टपेपरवर मासा काढला, त्याच्या पोटात योना, देवाने पाठवलं तिकडे न जाता पळालेला बायबलमधला संदेष्टा. मी मराठीत सांगायचं आणि मुलांनी इंग्रजीत उत्तरं द्यायची, हे ठरलेलंच. एका मुलीने विचारलं की योना देवाला सरळ ‘नाही’ असं का म्हणाला नाही, पळून कशाला गेला. तिने ते इंग्रजीत विचारलं आणि मीही, पालक आत चहा पीत होते म्हणून, इंग्रजीतच उत्तर दिलं. लाजला असेल, म्हणाले. ती म्हणाली, हे फारच सिली आहे. मी माशाचे खवले रंगवायला घेतले.

रविवारी चर्चच्या आवारात आम्हाला मिळालेला हॉल. आमच्याआधी फिलिपिनो लोकांची उपासना असते, नंतर मल्याळी. दोन्हींच्या मधल्या वेळात खुर्च्या न हलवता आम्ही मराठी होऊन घेतो. काकू पुढच्या रांगेत बसल्या होत्या. मला आवडतो तो निळा ड्रेस त्यांनी मुद्दाम घातला होता. साक्षी झाल्या. एकाने उठून सांगितलं की नोकरी गेली, प्रार्थना केली, दुसरी मिळाली. एकीने सांगितलं की ताप उतरत नव्हता, उतरला. साक्ष अशीच असते, दुःख मागे पडल्यावर सांगायची. मागे न पडलेलं सांगायला कुणी उभं राहत नाही.

मग पाळकसाहेब माझ्याकडे बघून म्हणाले, “ताई, तुमच्या पुढच्या वर्षासाठी आज तुम्हीच प्रार्थना चालवा.”

मी माइकपाशी गेले. एवढ्या लोकांसमोर उभी राहिले की माझी मान गरम होते. वर्षभर मी हे टाळत आले होते. घराघरांत चार-पाच माणसांत जमायचं, इथे कधी नाही. पाळकसाहेब म्हणाले, “आपण सर्व प्रार्थनेत राहू,” आणि हॉलमधल्या सगळ्यांनी माना खाली घालून डोळे मिटले. काकूंनीही. कीबोर्डवाल्या दादांनी हलकेच एक सूर धरून ठेवला.

माझ्याकडे कुणीच बघत नव्हतं.

“हे प्रेमळ स्वर्गीय पित्या,” मी सुरू केलं, “आम्ही तुझे उपकार मानतो. या मंडळीसाठी, या दिवसासाठी…” ती उसनी मराठी तिथपर्यंत आली आणि संपली. पुढचं वाक्य मला ठाऊक होतं, इतरांच्या तोंडून शेकडो वेळा ऐकलेलं. ते आलं नाही. दादांचा सूर तेवढा चालू होता. कुणीतरी मागून मला धीर द्यायला हळूच “होय, प्रभू” म्हणालं. मी काकूंच्या मिटलेल्या डोळ्यांकडे पाहिलं आणि नंतर नाही पाहिलं.

“गुरुवारी मी आमेन म्हणाले,” मी म्हणाले, “पण ती इच्छा माझ्या मनात नव्हती. तुला ते माहीत आहे. इथल्या सगळ्यांनी मला खूप जीव लावला. काकूंना घर सुनं वाटेल, त्यांना तू सांभाळ. मी दमले आहे. मला घरी जायचं आहे. येशूच्या नावाने मागते, आमेन.”