पिस्ता की शेवाळी

धाकटी नेमकं काय काम करते, हे तिच्या घरात कुणालाच धड सांगता येत नसे. वेबपानावर एका चित्रावर दुसरं ठेवलं की खालचं किती दिसावं, रंग कसे मिसळावेत, याचे नियम ती लिहायची. सगळ्या ब्राउझरांनी तेच पाळावेत, म्हणजे पान कुठेही उघडलं तरी सारखं दिसेल, एवढीच तिची माफक अपेक्षा. आई शेजारणींना सांगायची, "ती कॉम्प्युटरला रंग देते." थोरल्या भावाचं रंगाचं दुकान असल्यामुळे लोकांना ते पटायचंही.

एका सकाळी दादाचा फोन आला. आवाज पडलेला. "तुमच्या त्या नियमांनी माझी अब्रू घालवली."

झालं होतं असं. दादाच्या वेबसाइटवर रंग निवडला की तो भिंतीच्या फोटोवर चढून दिसे. गावातल्या एका निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंनी फोनवर छानसा शेवाळी पाहून चार डबे मागवले. डब्यांतून निघाला फिकट पिस्ता. बाई दुकानात आल्या, फोन काउंटरवर ठेवला आणि म्हणाल्या, "बघा." दादाच्या कॉम्प्युटरवर मात्र त्याच पानावर पिस्ताच होता. अर्धा तास दोघं एकमेकांचे पडदे बघत बसले आणि शेवटी दोघांनाही आपापल्या डोळ्यांची शंका यायला लागली.

धाकटीनं पान तपासलं आणि कपाळाला हात लावला. चित्रांच्या गटातला रंग गटामागच्या चित्रात मिसळायचा की गटातच थांबायचा, हे नियमात मोघम राहिलं होतं. बाईंच्या ब्राउझरात तो मागच्या भिंतीत मिसळून गडद होई, दादाच्या ब्राउझरात नाही. आणि ते मोघम वाक्य तिचंच होतं.

यावरून हे नियम ठरवणाऱ्या तिच्या समितीत आठ महिने वाद चालू होता. दोन ब्राउझरांचे दोन इंजिनियर, दोघेही मुद्देसूद, दोघेही तसूभर हलायला तयार नाहीत. पुढच्या ऑनलाइन बैठकीला तिनं दादाला बोलावलं. दादा बाईंनाही घेऊन आला.

"आमचंच बरोबर आहे," पहिला इंजिनियर म्हणाला.

"आमचं आधीपासून आहे," दुसरा म्हणाला.

बाईंनी चष्मा सावरला. "हे लिहून कुणी ठेवायचं होतं?"

"मी," धाकटी खालमानेनं म्हणाली.

"मग आत्ता लिहा. आम्ही थांबतो."

आणि त्या खरोखरच थांबल्या, वीस मिनिटं, कॅमेऱ्यासमोर हाताची घडी घालून. धाकटीनं लिहिलं: गट वेगळा ठेवायला सांगितला असेल तरच रंग आत थांबेल, एरवी मागच्या चित्रात मिसळेल. बाईंनी एक स्वल्पविराम हलवायला लावला, मग मान डोलावली. पहिला लगेच हो म्हणाला. दुसऱ्यानं एकदा बाईंकडे पाहिलं आणि आपली हरकत नसल्याचं सांगितलं.

दादानं बाईंना हातानं शेवाळी कालवून दिला. दोन महिन्यांनी पुन्हा त्याचा फोन.

"आता सगळीकडे सारखं दिसतंय. पिस्ता निवडला तरी सगळ्यांना शेवाळीच दिसतोय. आणि माझ्याकडे पिस्त्याचे साठ डबे पडून आहेत."

"फोटोतली भिंत मळकट आहे, म्हणून रंग गडद होतो. पांढऱ्याशुभ्र भिंतीचा फोटो घे, रंग आहे तसाच दिसेल."



"ती भिंत आईच्या खोलीची आहे," दादा म्हणाला. "मळकट आहे हे तिला तू सांग."