एक बिंदू वाढवताना

हंगेरीतल्या सेगेद शहरातल्या एका शाळेत जिल्हा गणित स्पर्धेचे पेपर तपासायला शिक्षक जमले होते, तेव्हा इर्माने एलेमेर बोदिशला पहिल्यांदा नीट पाहिलं. विद्यापीठाने पाठवलेला हा हडकुळा तरुण खिडकीशी बसला होता. बाकीच्यांचे गठ्ठे उरकत आले, बशीतले पोगाचे, म्हणजे छोटे खारे पाव, संपले, आणि हा अजून पहिल्याच पेपरवर.

"अहो बोदिश, उत्तर चुकलंय ना? मग द्या शून्य आणि सुटा," मुख्य परीक्षक म्हणाले.

"चुकलंय खरं. पण नेमकं कुठे चुकलंय ते सापडत नाही. सापडल्याशिवाय शून्य कुठल्या तोंडाने देऊ?"

सगळे हसले. इर्मा गणितच शिकवायची. तिने आपल्या गठ्ठ्यातले, आधीच शून्य दिलेले पेपर गुपचूप पुन्हा काढले. पुढच्या वर्षी दोघांचं लग्न झालं.

एलेमेरचा विषय होता बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेषांची जाळी. आलेख सिद्धांत हे त्याचं भारदस्त नाव. इर्माची आई मात्र शेजारणींना सांगायची, "आमचे जावई ठिपके जोडतात. सरकार त्याचा पगार देतं, आपण काय बोलणार!"

पस्तिशी उलटल्यावर त्याने एक प्रमेय सिद्ध केलं. ज्या जाळ्यात प्रत्येक बिंदूपासून निदान तीन रेषा निघतात, अशा सगळ्या जाळ्यांबद्दलचं. 'बोदिशचं प्रमेय' म्हणून ते परदेशी लेखांतही येऊ लागलं. त्याच्या जोरावर नोकरी पक्की झाली, थोडा प्रवास झाला. नंतर मात्र वेळापत्रकं, तोंडी परीक्षा, समित्या आणि दर काही वर्षांनी बदलणारे अभ्यासक्रम. पंचावन्नाव्या वर्षापासून तो घरी आला की कोट न काढताच खुर्चीत बसायचा. इर्मा विचारायची, "कुणी काही बोललं का?" तो म्हणायचा, "नाही गं. कुणीच काही बोललं नाही."

त्या काळात त्याला थोडा हुरूप देणारी एकच व्यक्ती होती, ती ऑर्शोया. मेंढपाळाच्या घरातली, तोंडाने फटकळ, डोक्याने तल्लख. तिचा डॉक्टरेटचा प्रबंध त्याच्याच प्रमेयावर उभा होता आणि मौखिक परीक्षा महिन्याभरावर आली होती. त्यानंतर विभागात जागाही निघणार होती.

एका रविवारी दुपारी एलेमेर स्वयंपाकघरातल्या टेबलावर तो प्रबंध शेवटचा वाचत होता. इर्माने सूप वाढलं. ते निवून वर तुपकट साय आली, तरी त्याने चमचा उचलला नाही.

"मीठ कमी आहे का?"

"इर्मा, माझं प्रमेय सिद्ध झालेलंच नाही."

त्याने कागदावर जाळं काढून दाखवलं. लहान जाळ्याला एकेक बिंदू वाढवत त्याने मोठं जाळं केलं होतं, आणि मोठी जाळी सगळी अशीच तयार होतात असं धरून चालला होता. पण काही जाळी अशी असतात, की त्यांतला कुठलाही बिंदू काढा, कुठे ना कुठे तिनाच्या दोनच रेषा उरतात. ती जाळी त्याच्या हिशेबात आलीच नव्हती. मोठं घ्यावं आणि त्यातून काढावं, लहान घेऊन वाढवू नये, हे तो पहिल्या वर्षाच्या मुलांना पहिल्याच महिन्यात सांगायचा. त्याच चुकीसाठी आयुष्यभर गुण कापत आला होता.

इर्माने कागदावरचा एकेक बिंदू बोटाने झाकून पाहिला. मग म्हणाली, "इतकी वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही. मुलीची परीक्षा होऊन जाऊ दे. मग सांग."

"मग तिच्या पदवीखाली भोक आहे हे मला माहीत असणार आणि तिला नसणार."

"तिची जागा जाईल, एलेमेर."

"ठाऊक आहे." तो डोळे मिटून बसला. "मी फार दमलोय गं. वीस वर्षांपूर्वी सापडलं असतं, तर निदान भांडलो असतो त्याच्याशी. गुरुवारी विभागातल्या सेमिनारला येशील का तू?"

गुरुवारच्या सेमिनारला इर्मा मागच्या बाकावर बसली. नेहमीची आठ-दहा माणसं होती. एलेमेरने प्रस्तावना केली नाही. फळ्यावर ते जाळं काढलं, खडू ठेवला आणि म्हणाला, "तीन रेषांचा नियम न मोडता ह्यातला एक बिंदू पुसून दाखवा."

ऑर्शोयाला सगळ्यांत आधी कळलं. तिच्या मानेवर लाली चढली.

"सर, ह्याच चुकीला तुम्ही मला पहिल्या वर्षी शून्य दिलं होतं."

"हो. बरोबर दिलं होतं."

"आणि वर लिहिलं होतं, 'बाई, जाळं म्हणजे स्वेटर नव्हे, विणत न्यायला.'"

कुणीतरी हसलं आणि लगेच खोकलं. ऑर्शोया वही मिटून निघून गेली. परतताना ट्राममध्ये एलेमेर एवढंच म्हणाला, "बरं झालं, रागावली."

दुसऱ्या आठवड्यात ती घरी आली. इर्माला म्हणाली, "काकू, कॉफी द्या, कडक. आणि ह्यांनाही द्या, नाहीतर झोपतील."

परीक्षा लांबली. जागा दुसऱ्याला गेली. विज्ञान अकादमीच्या मोठ्या पदवीसाठी केलेला अर्ज एलेमेरने मागे घेतला. ऑर्शोया आणि तो स्वयंपाकघरातल्या त्याच टेबलाशी दोन हिवाळे बसले. ज्या जाळ्यांच्या रेषा एकमेकींना न ओलांडता कागदावर काढता येतात, तेवढ्यांपुरतं प्रमेय त्यांनी वाचवलं. निम्म्याहून अधिक त्यात ऑर्शोयाचं होतं, आणि लेखावर तिचं नाव आधी घातलं गेलं. त्यावर तिला पदवी मिळाली आणि बऱ्याच उशिरा जागाही. बाकीच्या जाळ्यांचं काय, ते अजून कुणालाच ठाऊक नाही.

गुरुवारचा सेमिनार आता ऑर्शोया चालवते. एलेमेर निवृत्त आहे. तो दर गुरुवारी जातो, इर्माशेजारी मागच्या बाकावर बसतो, आणि बहुतेक वेळा अर्ध्यातच झोपतो.