नुसते ओठ हलव

आमच्या गायनाच्या सरांचं कुठलंही वाक्य 'तिकडे' या शब्दानं सुरू व्हायचं. तिकडे कुणी उशिरा येत नाही. तिकडे पोरं नाक ओढत नाहीत. जव्हारच्या आमच्या शाळेत नळाला पाणी आलं नाही, की सरांना तिकडचे नळ आठवायचे. आम्ही त्यांना 'तिकडचे सर' म्हणायचो. हे त्यांच्या कानावर गेलं तेव्हा रागवायचं सोडून ते चक्क खूश झाले! आणि हा माणूस तिकडे राहिला होता किती? मोजून आठ दिवस.

नव्वदच्या दशकाची अखेर होती. मोखाड्याला पाण्याच्या कामासाठी आलेल्या एका परदेशी बाईंनी सरांची पेटी ऐकली आणि त्यांची शिफारस केली. इंग्लंडात एका गावी गाणारी माणसं उन्हाळ्यात एकत्र राहतात, चारशे वर्षांपूर्वीची चर्चमधली गाणी बसवतात आणि शेवटच्या दिवशी तिथल्या मोठ्या चर्चमध्ये म्हणतात, असं ते निवासी शिबिर. पेटी नाही, तबला नाही, नुसते गळे. प्रत्येक गटाची ओळ वेगळी, आणि सगळ्यांचं मिळून एक गाणं. सर निघाले तेव्हा शाळेनं हार घातला, एस.टी. स्टँडवर आम्ही पोरी रडलोसुद्धा. आता आठवलं की स्वतःचीच कीव येते.

जाण्याआधी सर बरे होते, हे कबूल करायला हवं. प्रार्थनेला सगळी शाळा गायची आणि मी तर फारच मोठ्यानं गायचे. माझा आवाज जाडाभरडा. पण आमच्या गावी, पोशेऱ्याला, घरच्या बाया लग्नात अशाच गळ्यानं गातात, त्यामुळे त्यात काही वावगं आहे हे मला ठाऊकच नव्हतं. सरही तेव्हा कधी काही बोलले नाहीत.

परत आले ते काखेत काळी फाईल घेऊन. चाळीस पोरं निवडली, चार रांगा केल्या, मान ताठ, हात खाली. मग एकेकाच्या तोंडाशी कान नेऊन ऐकत निघाले. माझ्यापाशी आले आणि असं तोंड केलं, जणू कुणी नासलेलं दूध पुढे केलंय.

"तू मागच्या रांगेत. आवाज काढायचा नाही. नुसते ओठ हलव."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं तशी म्हणाले, "रडायचं काय त्यात? तिकडे अशीच पद्धत आहे."

नुसते ओठ हलवणं वाटतं तितकं सोपं नसतं बरं का. श्वास बरोबर जागी घ्यावा लागतो, भुवया उचलाव्या लागतात. कुणी पारखून पाहिलंच तर एकच खूण सापडते : गळा हलत नाही. दोन वर्षांत मी त्यात तरबेज झाले. एवढी एकच विद्या सरांनी मला दिली.

एकदा जव्हारजवळच्या शिरपामाळला कुणी साहेब येणार होते, म्हणून आमचं गाणं ठेवलं. माझे आबा त्यासाठी पोशेऱ्याहून जीपला लोंबकळत आले. गाणं संपल्यावर माझ्या डोक्यावर हात ठेवून सगळ्यांदेखत म्हणाले, "सगल्यांत तुझाच आवाज येत होता, पोरी." मी काय सांगणार त्यांना? त्या दिवसापासून सर माझ्या मनातून उतरले ते कायमचे.

पुढे चुलतबहिणीच्या लग्नात आईनं कोपरानं ढोसलं, "गा की गं!" मी तोंड उघडलं. ओठ हलले, आवाज आलाच नाही. आई म्हणाली, "तोंड हलतंय, नि गाणा कुठं हाय?" बाया हसल्या. त्यानंतर मी मांडवात गायला कधी बसले नाही. भांडी घासायला जायचे.

बरं, सरांनी तिकडचं एखादं गाणं आम्हाला शिकवावं? छे! विचारलं की म्हणायचे, "तुम्हाला झेपायचं नाही." सांगायचे काय, तर पावाची चव आणि चादरींचा पांढरेपणा. एकदा कपाट पुसताना मी ती फाईल उघडून पाहिली. पाच-पाच रेघा, त्यांवर बेडकाच्या पिल्लांसारखी काळी चिन्हं, आणि प्रत्येक पानाच्या तळाशी सरांच्या अक्षरात पेन्सिलीनं एकच शब्द : 'उलटणे'. मला वाटलं, असेल काही गहन शास्त्र.

ते शास्त्र मला उलगडलं ते मोखाड्याच्या पंचायत समितीत नोकरीला लागल्यावर. त्या परदेशी बाई बऱ्याच वर्षांनी जुन्या ओळखी शोधत ऑफिसात आल्या. मी चहा मागवला. मी सरांची विद्यार्थिनी म्हटल्यावर त्यांनी पिशवीतून शिबिराचा फोटो काढून दाखवला, कारण त्या स्वतःही तिथे गायल्या होत्या. फोटोत सर मागच्या रांगेत, तोंड उघडं, हातात फाईल.

"बहोत अच्छा आदमी," बाई म्हणाल्या. "वहाँ सब लोग पढ़के गाते हैं, इनको वो लिपी नहीं आती थी. पहले दिन गाया तो सब गड़बड़. तो सिखानेवाले ने बोला, आप सिर्फ होंठ हिलाओ. आठ दिन वैसे ही खड़े रहे. बेचारे."

बेचारे! बाईंना दया येत होती. मला इतका आनंद झाला की चहा सांडला. आणि मग तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे 'तिकडे अशीच पद्धत आहे' हे खरंच होतं. मागच्या रांगेत मुकं उभं राहणं काय असतं, हे या माणसाला पक्कं ठाऊक होतं. आणि तिकडून आणलेलं तेवढंच त्यानं चौदा वर्षांच्या पोरीच्या पदरात टाकलं. नुसता बढाईखोर असता तर मी हसून सोडून दिलं असतं.

सर निवृत्त झाले तेव्हा निरोपाला मला बोलायला बोलावलं. मी तयारीनंच गेले. माईक हातात घेतला आणि म्हणाले, "सर, जाता जाता तिकडचं एक गाणं होऊन जाऊ द्या."

सभागृहात टाळ्या. सरांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मला कळलंय हे त्यांना कळलं. सुटका नव्हती. उठले, फाईल उघडली. श्वास घेतला, भुवया उचलल्या, ओठ हलू लागले. आवाज नाही. 'उलटणे' आलं तशी बरोबर जागी त्यांनी पानसुद्धा उलटलं! मुख्याध्यापकांनी माझ्याकडून माईक घेतला आणि सद्गदित होऊन सांगितलं, "सरांचा कंठ दाटून आला आहे." पुन्हा टाळ्या. बाया डोळे पुसू लागल्या.

मला मजा आली का? आली. खोटं कशाला बोलू? दया काडीची आली नाही.

पण स्टेजच्या कडेला सरांचा शेवटचा चमू उभा होता, आणि त्यातल्या मागच्या रांगेतली एक पोर टाळ्या वाजवत नव्हती. सावळी, हडकुळी, दोन वेण्यांची. ती सरांच्या गळ्याकडे टक लावून बघत होती. मघाशी स्वागतगीताला हिचे ओठ हलत होते, गळा नव्हता. हे मी आल्या आल्याच हेरलं होतं. आता तिनं सरांना हेरलं.

बाकी काही बोलायचं मी राहूच दिलं. खाली उतरले आणि सरळ तिच्या शेजारी मागच्या रांगेत जाऊन उभी राहिले. राष्ट्रगीत सुरू झालं. मी तोंड उघडलं आणि या खेपेला आवाज काढला. घोगरा, फाटका, दोन-चार ठिकाणी सूर सोडून गेलेला. पोर दचकली. माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग समोर पाहिलं, आणि तिचा गळा हलला. आवाज माझ्याहून जाड निघाला बयेचा!

राष्ट्रगीताला हलायचं नसतं. तरी सरांनी मान वळवून मागच्या रांगेकडे पाहिलं.

पाहू दे.