बाईंच्या कबरेवर माझी मूठभर माती नाही

मैत्रिणींनो, आज सकाळी आमच्या संडे स्कूलच्या बाईंचा दफनविधी झाला. घरी आईने आणि चर्चमध्ये या बाईंनी मला प्रार्थना करायला शिकवलं.

पाळक सार्वकालिक जीवनाबद्दल बोलत होते आणि मी माझ्या नखांकडे बघत होते. उद्या एका लग्नाला जायचं म्हणून ती कालच पार्लरमध्ये करून घेतली होती. सगळे कबरेत मूठभर माती टाकायला पुढे झाले, तेव्हा ओली माती बघून मी मागे सरकले.

नंतर कागलहून आलेल्या बाईंच्या बहिणीने विचारलं, “माती टाकलीस न्हवं, पोरी? तिचा लई जीव हुता तुझ्यावर.”

मी “हो, मावशी” म्हणाले. त्यांनी माझे स्वच्छ हात हातात घेतले.

देवाची क्षमा मागितली. पण मावशींना खरं सांगू का? की सांगून फक्त माझंच मन हलकं होईल?